युरेनियमचा जागतिक नकाशा: देशांच्या यादीनं शिकावा की खडकांच्या प्रकारानं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेची नाहीतर भूगोलाच्या, भूशास्त्राच्या पदवीची तयारी करणारी बरीच मराठी मुलं आहेत. खनिजांच्या धड्यात युरेनियम आलं की त्यांच्यापुढे एक निवड येते. जगात हे खनिज कुठं कुठं आहे ते डोक्यात बसवायचं कसं? एक वाट सरळ आहे. देशांची यादी करायची, पुढे साठा आणि उत्पादन लिहायचं, आणि पाठ करायचं. दुसरी वाट लांबची. युरेनियम कोणत्या खडकात आणि कशामुळे साचतं हे आधी समजून घ्यायचं, मग त्या त्या प्रकाराखाली जगातली ठिकाणं मांडायची. मी बेळगावात भूगोल शिकवतो. दोन्ही पद्धतींनी शिकवून झालं आहे, दोन्ही तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावून झाले आहेत. निवड मी केली आहे, पण ती सगळ्यांना तशीच्या तशी लागू पडेल असं म्हणणार नाही. तुमची परीक्षा कोणती आणि हातात वेळ किती, यावर बरंच अवलंबून आहे.

अणुभट्टी कशी चालते, युरेनियम २३५ आणि २३८ यांत फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो.

देशांच्या यादीचं आधी बोलू, कारण बहुतेकांच्या वहीत तीच असते. तिचा पहिला गुण म्हणजे ती लवकर होते. उत्पादनात कझाकस्तान पहिला, आणि तोही फार पुढे: २०२२ साली जगभरात मिळून साधारण ४९ हजार टन युरेनियम निघालं, त्यातलं २१ हजार टनांहून जास्त एकट्या कझाकस्ताननं काढलं. मागोमाग कॅनडा, नामिबिया, ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, रशिया, नायजर. साठ्याची यादी वेगळी. तिथं ऑस्ट्रेलिया पहिला, जगाच्या एकूण साठ्यापैकी चौथाईहून थोडा जास्त वाटा त्याच्याकडे. मग कझाकस्तान, कॅनडा, रशिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. एका संध्याकाळी एवढं पाठ होतं. केपीएससी किंवा यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत जोड्या लावायला आल्या तर यातून बऱ्याचदा भागतं.

दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. राजकारण कळायला देशच लागतात. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा फ्रान्समध्ये काळजी का पसरली, हे ज्याला नायजरमधलं आर्लीत ठाऊक आहे त्याला चटकन उमगतं. फ्रेंच कंपनीनं तिथं कित्येक दशकं युरेनियम काढलं आहे. भारतानं २०१५ साली कॅनडाशी तीन हजार टनांहून अधिक युरेनियम घेण्याचा करार केला, कझाकस्तानकडूनही आपण घेतो. हे व्यवहार देशादेशांत होतात. खाणीच्या परवान्यावर सही सरकारची असते. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर लिहायचा असेल तर यादीला पर्याय नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

मग माझं अडलं कुठं? एकाच ठिकाणी, पण तिथं कायमचं अडलं.

ही यादी भिंतीवर टिकत नाही. उत्पादनातला दुसरा क्रमांक बघा. २०१९ मध्ये दुसरा कॅनडा होता. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया. २०२१ मध्ये नामिबिया. २०२२ मध्ये परत कॅनडा. चार वर्षांत दुसऱ्या क्रमांकावर तीन देश येऊन गेले. दर पावसाळ्यात नवी बॅच आली की तक्त्यावर पांढरा कागद चिकटवून नवं नाव लिहायचं, असं चालायचं. शेवटी त्या चौकोनाला कागदाचे इतके थर चढले की तो भिंतीतून फुगून बाहेर आला. एका मुलीनं मागच्या बाकावरून विचारलं, "सर, दुसरा नंबर दरवर्षी बदलतोय की. मग पाठ कुठला करायचा?" तिचं म्हणणं रास्त होतं. पुस्तकात एक, मार्गदर्शिकेत दुसरा, मोबाइलवर तिसरा, आणि तिन्ही आपापल्या वर्षापुरते बरोबर.

बरं, कॅनडाचं युरेनियम मधल्या दोन वर्षांत गेलं कुठं? कुठंच गेलं नाही. भाव पडलेले होते म्हणून मॅकआर्थर रिव्हर ही जगातली मोठी खाण २०१८ पासून बंद ठेवली होती. त्यात कोविडच्या काळात सिगार लेकची खाणही थांबली. पुढे भाव सुधारले आणि २०२२ च्या अखेरीस मॅकआर्थर रिव्हर परत सुरू झाली. जमिनीत खनिज होतं तसंच होतं. यादीतला क्रमांक बाजाराची आणि कंपनीच्या निर्णयाची गोष्ट सांगत होता, मुलं मात्र ती जमिनीची गोष्ट समजून पाठ करत होती.

साठ्याच्या यादीत तर याहून अवघड गोम आहे, आणि ती बहुतेक मार्गदर्शिकांत लिहिलेली नसते. साठा किती, हे किमतीशिवाय सांगताच येत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची अणुऊर्जा संस्था मिळून दर दोन वर्षांनी जो अहवाल काढतात, ज्याला सगळे रेड बुक म्हणतात, त्यात साठे खर्चाच्या पायऱ्यांनी मांडलेले असतात: किलोमागे ४० डॉलरच्या आत काढता येईल ते, ८० च्या आत, १३० च्या आत, २६० च्या आत. आपण पाठ करतो तो 'ऑस्ट्रेलिया पहिला' हा क्रम साधारणपणे १३० डॉलरच्या पायरीवरचा. २०२१ च्या सुरुवातीला त्या पायरीवर जगाचा साठा साधारण ६१ लाख टन होता, त्यात ऑस्ट्रेलिया सुमारे १७ लाख आणि कझाकस्तान सुमारे ८ लाख टन. खाली ८० डॉलरच्या पायरीवर या, पहिला येतो कझाकस्तान. वर २६० वर जा, एकूण आकडा ७९ लाखांच्या आसपास पोचतो, कॅनडाचा साठा ५.९ लाखांवरून साडेआठ लाखांच्या पुढे जातो, आणि १३० च्या यादीत ज्याचं नावही नव्हतं ते ग्रीनलंड लाखभर टन घेऊन हजर होतं. खडक तेच, डोंगर तेच. फक्त किंमत बदलली.

आता हे अकरावी-बारावीच्या किंवा बी.ए.च्या मुलाला कसं सांगायचं? सांगता येतं, मी सांगत आलोही. पण प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष आणि किमतीची पायरी लिहायची म्हटली की यादीचा जो मोठा गुण, तिचा सुटसुटीतपणा, तोच जातो. आणि न लिहावी तर आकडा अर्धवट राहतो. या एका त्रासापायी मी तो तक्ता उतरवला. बाकीच्या अडचणी चालवून घेतल्या असत्या.

देश ही भूशास्त्राची चौकटच नव्हे, हीसुद्धा एक अडचण आहे, म्हणून एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या नावापुढचा तो अवाढव्य आकडा बहुतांशी एका जागेमुळे आहे: दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ऑलिंपिक डॅम. १९७५ मध्ये सापडलेला, १९८८ पासून उत्पादन देणारा हा जगातला सगळ्यात मोठा युरेनियम साठा मुळात तांब्याची खाण म्हणून चालतो. सोनं, चांदी आणि युरेनियम तांब्याबरोबर निघतं. उत्तरेला रेंजरची खाण होती, काकाडू राष्ट्रीय उद्यानानं वेढलेली, २०२१ च्या आरंभी तिथलं उत्पादन थांबलं. ती अगदी वेगळ्या जातीच्या खडकातली. फोर माइलची खाण वालुकाश्मातली. पश्चिमेला यिलिरीचा साठा वाळवंटी भागातल्या उथळ चुनखडी थरातला. चार ठिकाणं, चार तऱ्हा, आणि यादीत एकच ओळ: ऑस्ट्रेलिया.

आता दुसरी वाट.

तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती पहिल्या तासाला मुलांच्या हाती द्यावी. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळतं आणि त्या पाण्याबरोबर दूरवर जातं. प्राणवायू संपला की ते पाण्यातून बाहेर पडतं आणि तिथंच बसतं. आपल्याकडे पावसाळ्यात ओढा जोरात असतो तोवर गाळ वाहून नेतो, बंधाऱ्याला पाणी अडलं की तिथं सोडून देतो, तसंच काहीसं. युरेनियमसाठी हा बंधारा कशाचा असतो? सडलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचा, पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजाचा, काळ्या ग्रॅफाइटी खडकाचा. एवढं पक्कं झालं की जगातले निम्म्याहून जास्त साठे मुलं स्वतः तर्कानं ओळखू लागतात. निदान माझ्या वर्गात तरी असं झालं आहे.

कझाकस्तान घ्या. दक्षिणेला तिएनशानचे डोंगर. तिथून उतरलेलं प्राणवायूयुक्त पाणी चू-सारिसू आणि सिर दर्या या खोऱ्यांखालच्या वाळूच्या थरांतून लाखो वर्षं हळूहळू झिरपत गेलं. वाटेतल्या खडकांतलं युरेनियम त्यानं सोबत घेतलं. पुढे जिथं प्राणवायू संपला तिथं ते खाली बसलं. आडवा छेद काढला तर कोयत्यासारखा वाकडा पट्टा दिसतो, आणि असे पट्टे कित्येक किलोमीटर लांब पसरलेले आहेत. या धातुकाची, म्हणजे युरेनियम असलेल्या खडकाची, प्रत तशी हलकी, टनामागे काहीशे ग्रॅम. तरीही सगळ्यात स्वस्त युरेनियम इथलंच. कारण वाळू सैल आहे, पाण्यानं भरलेली आहे, आणि वरखाली चिकणमातीचे थर आहेत. खाण खणायची गरज पडत नाही. कूपनलिकांतून सल्फ्युरिक आम्ल खाली सोडतात, जमिनीतच युरेनियम विरघळतं, दुसऱ्या नलिकांतून ते पाणी वर घेतात. निसर्गानं जे बसवलं ते माणूस परत विरघळवतो. हे समजलं की ८० डॉलरच्या पायरीवर कझाकस्तान पहिला का, याचं उत्तर पाठ करावं लागत नाही. २०२४ च्या सुरुवातीला कझाकस्तानच्या सरकारी कंपनीनं उत्पादनाचा अंदाज कमी केला आणि सल्फ्युरिक आम्लाची टंचाई हे एक कारण दिलं. यादीवाल्या मुलाला ही बातमी कोड्यासारखी वाटते. खडकवाल्या मुलाला लगेच पटते.

उझबेकिस्तानचं किझिलकुम, अमेरिकेतलं वायोमिंग, नायजरमधलं आर्लीत, आपल्या मेघालयातलं डोमियासियात, सगळी याच वालुकाश्माच्या घरातली. एक तत्त्व कळलं आणि पाच देश हाती आले.

दुसरं मोठं घर कॅनडाचं, आणि शिकवताना मला सर्वांत जास्त आनंद इथं मिळतो. सास्काचेवान प्रांतातलं अथाबास्का खोरं. खाली अतिशय जुने, भाजलेले, दुमडलेले खडक. ते झिजून सपाट झाले. मग मधे प्रचंड काळ गेला आणि त्या झिजलेल्या पृष्ठभागावर साधारण १७० कोटी वर्षांपूर्वी वालुकाश्माचे थर बसले. खालचे खडक आणि वरचा वालुकाश्म यांच्यामधल्या या सांध्याला भूशास्त्रात विसंगती म्हणतात. वरच्या वालुकाश्मातून प्राणवायूयुक्त खारट गरम पाणी फिरलं. खालच्या ग्रॅफाइटी खडकातून भेगांवाटे वेगळ्या स्वभावाचं पाणी वर आलं. दोन्हींची गाठ सांध्यावर पडली आणि तिथं युरेनियम साचलं, तेही असं की प्रतीत जगात तोड नाही. सिगार लेकला धातुकात युरेनियम ऑक्साइडचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, मॅकआर्थर रिव्हरला ६-७ टक्के. आपल्या झारखंडमधल्या जादूगोड्याच्या धातुकात ते ०.०५ टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे फरक शेकडो पटींचा.

पण इतकं श्रीमंत म्हणून सोपं आहे असं नाही. सिगार लेकचा साठा जवळपास ४५० मीटर खोल, वरचा वालुकाश्म पाण्यानं भरलेला. २००६ मध्ये खाणीत पाणी घुसलं. जमीन गोठवायची, मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धातुक कापायचं, ते माणसापासून दूर ठेवून वर आणायचं, असं सगळं जमवून उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडलं. कॅनडाचा साठा १३० वरून २६० डॉलरवर जाताच एवढा का वाढतो, हे अशा खडकांचा छेद पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

बाकीची घरं भराभर सांगतो, त्यांत अडकून पडू नका. दक्षिण आफ्रिकेचं विटवॉटर्सरँड आणि कॅनडातलंच एलियट लेक: अतिप्राचीन नद्यांच्या गोट्यांचा पिंडाश्म, त्यात युरेनियमचे कण. २४० कोटी वर्षांहून जुन्या त्या काळच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता म्हणून ते कण न विरघळता नदीच्या तळाशी टिकले. आज तसा साठा बनणं शक्य नाही. पश्चिम कर्नाटकातही या जातीचे खडक आढळले आहेत. नामिबियातलं रॉसिंग: ग्रॅनाइटी खडक, प्रत ०.०३ टक्क्याच्या आसपास, तरी उघडी आणि प्रचंड खाण असल्यामुळे १९७६ पासून चालू. नामिबियातलंच लांगर हाइनरिश मात्र यिलिरीच्या जातीचं, वाळवंटी उन्हात पाणी आटून राहिलेलं. काँगोतलं शिंकोलोब्वे: भेगांत भरलेलं अतिश्रीमंत खनिज, पहिल्या अणुबाँबसाठी लागलेल्या युरेनियमचा मोठा भाग इथला. आणि गॅबनमधलं ओक्लो. १९७२ मध्ये फ्रान्सच्या कारखान्यात तिथल्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण किंचित कमी भरलं, आणि शोध घेता घेता कळलं की सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी त्या खडकात आपोआप अणुभट्टी पेटली होती. हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. परीक्षेला नसलं तरी मी ते वगळत नाही.

या वाटेचे तोटेही सांगायला हवेत. वेळ लागतो, हा पहिला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वर्गवारीत पंधरा मुख्य प्रकार आहेत, त्यांचे पोटप्रकार वेगळे. सगळे घेतले तर मुलं पळून जातील. मी सहा-सातच घेतो. दुसरा तोटा, काही साठे दोन घरांत बसतात आणि त्यांच्याबद्दल जाणकारांतही मतभेद असतात. नीटनेटकं उत्तर हवं असणाऱ्याला याचा त्रास होतो. तिसरा खास आपल्याकडचा: मराठी माध्यमातल्या मुलाला पिंडाश्म, कोणाश्म (टोकदार तुकडे जुळून झालेला खडक, ऑलिंपिक डॅमचा तो हाच), विसंगती हे शब्द भेटतात मराठी पुस्तकात, आणि पुढे विद्यापीठात तेच इंग्रजीत. बाहेर गावात, खाणीवर, बसमध्ये कन्नड. एकच खडक त्याला तीनदा ओळखावा लागतो. देशांची नावं मात्र तिन्हीकडे सारखीच. हा यादीचा खरा फायदा आहे आणि सीमाभागात तो छोटा नाही.

तरीही माझं पारडं का झुकलं, त्याला एक कारण आपल्याच जिल्ह्यात आहे.

बेळगाव शहर काळ्या पाषाणावर आणि जांभ्यावर बसलेलं. पूर्वेला निघालात की गोकाकच्या आसपास चित्र बदलतं. घटप्रभा जिथून खाली उडी घेते तो कडा वालुकाश्माचा. सौंदत्तीकडे मलप्रभा नविलतीर्थाच्या घळीतून जाते तिथंही तसाच कठीण, थरांचा खडक. हे कलादगीचं खोरं: बेळगाव, बागलकोट आणि शेजारच्या भागात पसरलेलं, वायव्येला काळ्या पाषाणाखाली दडलेलं, पुन्हा सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या बाजूला अधूनमधून डोकं काढणारं. त्याच्या खाली धारवाडी जुने खडक आणि नाईस हा पट्ट्यापट्ट्यांचा जुना खडक. वर त्याहून फार नंतरचा वालुकाश्म. मधे सांधा. अथाबास्काचं वर्णन ऐकलेला मुलगा इथं थबकतो. अणुखनिज संचालनालयाच्या लोकांनीही नेमका हाच विचार केला आणि या खोऱ्यात शोध घेतला. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूर परिसरात वालुकाश्माच्या तळाजवळ, सांध्याच्या आसपास त्यांना युरेनियमचा मागमूस लागला. याचा अर्थ उद्या तिथं सिगार लेक उभं राहणार असा नाही. खूण सापडणं आणि खाण होणं यांत फार अंतर असतं. पण गोकाकच्या धबधब्यापाशी सहलीला गेलेली मुलं जेव्हा कॅनडातल्या खोऱ्याचा छेद आपल्या वहीत काढतात आणि तोच छेद समोरच्या डोंगराला लावून बघतात, तेव्हा त्यांना जे कळतं ते कुठल्याही यादीतून कळलेलं मी पाहिलेलं नाही. मोजमाप माझ्याकडे नाही. चेहरे बघितले आहेत.

देशांच्या यादीत कर्नाटक येतं ते भारताच्या ओळीतल्या एका नावापुरतं: गोगी. यादगीर जिल्ह्यातलं, भीमा खोऱ्यातलं. तिथं चुनखडकात आणि खालच्या ग्रॅनाइटमध्ये, मोठ्या भेगेच्या कडेनं, पिचब्लेंड आणि कॉफिनाइट ही युरेनियमची खनिजं सापडली, आणि प्रत जादूगोड्यापेक्षा बरीच चांगली निघाली. खाणीला गावकऱ्यांचा विरोध झाला. पाणी आणि शेती यांची त्यांची काळजी खरी आहे, आणि हा भाग शिकवताना मी तीही सांगतो. चुनखडकातून भेगांवाटे पाणी कसं फिरतं हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या काळजीचं कारणही समजतं.

भारताची ओळखही खडकांनी जास्त नीट होते. जादूगोडा, १९५१ मध्ये सापडलेलं, सिंगभूमच्या दुभंग पट्ट्यातलं. आंध्रातलं तुम्मलपल्ले, डोलोमाइटी चुनखडकातलं, हलक्या प्रतीचं पण फार मोठं. तेलंगणातलं लांबापूर, विसंगतीचं. डोमियासियात वालुकाश्मातलं. गोगी चुनखडकाच्या भेगेचं. जगाच्या यादीत भारत पहिल्या काहींत दिसत नाही म्हणून मुलं पुढे सरकतात. पण आपल्या शेजारच्या कारवार तालुक्यात, काळी नदीकाठी, कैगाच्या २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या चालतात. त्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवलेल्या यादीत नसल्यामुळे त्यांना देशातलंच युरेनियम वापरावं लागतं. कैगाची पहिली भट्टी २०१८ च्या अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालली. ते इंधन जगाच्या यादीतल्या पहिल्या दहा देशांकडून आलेलं नव्हतं, इथल्याच हलक्या प्रतीच्या खडकांतून आलं होतं. खानापूर-दांडेलीकडच्या मुलाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

तर निवड कशी करावी?

पूर्वपरीक्षा महिन्याभरावर असेल तर यादी घ्या, खडकांच्या मागे लागू नका. फक्त यादीच्या डोक्यावर वर्ष लिहा, आणि साठ्याची असेल तर किमतीची पायरीही. प्रश्नात 'साठा' आहे की 'उत्पादन' हे दोनदा वाचा. ऑस्ट्रेलिया आणि कझाकस्तान यांची अदलाबदल तिथंच होते. आंतरराष्ट्रीय संबंध हा तुमचा विषय असेल तरी यादीच हाताशी ठेवा, कारण तुम्हाला खनिजापेक्षा करार जास्त लागणार.

मुख्य परीक्षेत भूगोल घेतला असेल, बी.एस्सी.ला भूशास्त्र असेल, किंवा तुम्ही शिक्षक असाल आणि भिंतीवर एकच तक्ता लावायला जागा असेल, तर माझं मत खडकांकडे. शाळेतल्या मुलांसाठी तर नक्कीच, कारण तो तक्ता दरवर्षी बदलावा लागत नाही. पुढच्या रेड बुकमध्ये ऑस्ट्रेलियाचा आकडा काहीही येवो, ऑलिंपिक डॅम कोणाश्मातच राहणार आहे.

दोन्ही हवं असेल तर क्रम असा ठेवून बघा. कोऱ्या नकाशावर आधी खडकांचे रंग भरा: वालुकाश्माला पिवळा, विसंगतीला तांबडा, पिंडाश्माला करडा, ग्रॅनाइटला गुलाबी, कोणाश्माला जांभळा, चुनखडकाला निळा. देशांच्या सीमा त्यावर नंतर काढा. ऑस्ट्रेलियात तीन-चार रंग एकाच सीमेत येतील, मेघालयाचा आणि कझाकस्तानचा रंग एक निघेल, आणि यादी आपोआप अर्धी पाठ होईल. उत्पादनाचे आकडे नकाशावर लिहू नका, त्यांना मागच्या पानावर वर्षासकट जागा द्या. कर्नाटकात गोगीला निळा ठिपका येतो. देशनूरला तांबडा, पण तो पेन्सिलनं काढा, कारण तिथं अजून खाण नाही, शोधच लागलेला आहे.